अर्धा इंच माया

“उल्हासनगरचा माल दिसतोय!”

विज्ञानाच्या मिस हे बोलल्या तेव्हा पृथ्वीगोल गडगडत स्टाफरूमच्या टेबलाखाली गेला होता आणि त्याचा स्टँड माझ्या हातात राहिला होता. सगळ्या हसल्या. मीही हसले. गोल काढायला मी टेबलाखाली वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिथेच राहिले.

गोल विषुववृत्तावर उकलला होता. युरोपवरचा कागद तर कधीचाच सोलून गेला होता. इटलीच्या जागी नुसतं पांढरं प्लास्टिक होतं.

“पुढच्या आठवड्यात सहावीला तुझं रोम आहे ना गं?” मिस म्हणाल्या. “आता फळ्यावरच काढ बाई.”

“हो,” मी म्हणाले.

त्या वाईट नव्हत्या. शाळेत मी नवी असताना आपल्या डब्यातली भाजी माझ्या झाकणात न विचारता वाढणाऱ्या त्या पहिल्या. आणि उल्हासनगरचा माल म्हणजे नकली, लगेच मोडणारा, हे वाक्य काही त्यांनी शोधून काढलेलं नाही. कॉलेजमध्येही कुणाचं पेन गळलं, कुणाचा चार्जर तापला, की कुणीतरी ते म्हणायचंच. त्याला द्यायचं उत्तर माझ्याकडे मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत तयार होतं. ते मी एकदाही दिलं नव्हतं.

कारण मी उल्हासनगरची आहे. कॅम्प नंबर पाचची.

हे बदलापूरच्या त्या शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी “कुठून येतेस?” असं विचारल्यावर मी “अंबरनाथहून” म्हणाले होते. ते पूर्ण खोटंही नव्हतं. कॅम्प पाचहून शेअर रिक्षानं मी अंबरनाथला यायची आणि शाळेची बस मला तिथून घ्यायची. म्हणजे रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी खरोखरच अंबरनाथहून यायची. खोटं बोलायचंच तर ते लहान असावं, याची मी काळजी घेते.

मी स्वतः शिकले ती शाळा इंग्रजी माध्यमाची. माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा: मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. अशी मुलगी शिक्षिका झाली म्हणून घरी सगळ्यांना नवल वाटलं, मला सगळ्यात जास्त. पण एक युक्ती मला लवकर सापडली. भिंतीवर नकाशा लावला की सगळे नकाशाकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. नकाशाच्या बाजूला उभं राहून मी वाटेल तितकं बोलू शकते.

म्हणून रोमचे दोन्ही धडे मी नकाशांवरच घ्यायचे ठरवले. फळ्यावर इटली काढली. मुलांना बाह्यरेषांचे छापील कागद वाटले. पहिलं काम सोपं होतं: टायबर नदी शोधा आणि रंगवा.

पहिल्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी बसायची. तिनं नदी गडद जांभळी केली.

“अगं, नदी जांभळी कशी?”

“मिस, त्या दिवशी जांभळं धुतलं असेल.”

तिची नानी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहते. नानीच्या घरामागच्या नाल्याचा रंग रोज बदलायचा, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. कारखान्यात कुठल्या रंगाचे कपडे धुतले ते पाण्याकडे बघून कळतं, असं तिनं वर्गाला समजावलं. वर्गाला ते लगेच पटलं. पाच मिनिटांत टायबर नद्या हिरव्या, लाल आणि एक तर पिवळी झाली. घरी जाऊन मी पुस्तकं चाळली, तर रोममध्येही कपडे धुणारे आणि रंगवणारे कारखाने होतेच. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या नद्यांना बरोबरची खूण दिली. पिवळीलासुद्धा.

दुसरं काम होतं सैन्याच्या कॅम्पचं. रोमन सैनिक मुक्कामाला थांबले की आधी चौकोनी खंदक खणत. आत एकमेकांना छेदणारे दोन सरळ रस्ते, चार बाजूंना चार दारं, रांगेत तंबू. आलेखाच्या कागदावर तसा कॅम्प आखायचा होता. मी सगळं सांगून झाल्यावर दोन वेण्यांचा हात वर गेला.

“मिस, कॅम्प नंबर किती?”

दुसऱ्या कुठल्याही गावात वर्ग हसला असता. आमचा वर्ग पेन्सिली सरसावून नंबराची वाट बघत राहिला. कॅम्प म्हटला की त्याला नंबर हवाच.

“नंबर नव्हते त्यांना,” मी म्हणाले.

“मग रिक्षावाल्याला काय सांगायचे?”

मला हसू आवरेना. मग मी नकाशाशेजारी उभी राहून सगळं सांगितलं. सैन्य पुढे निघून जायचं. पण दाराबाहेर पाव विकणारे, चपला शिवणारे, कपडे धुणारे लोक मागे राहायचे. त्यांची घरं व्हायची, बाजार व्हायचा, शहर व्हायचं. सैनिकांचा पत्ता नसायचा, नाव मात्र कॅम्पचंच चिकटून राहायचं. इंग्लंडमधल्या पुष्कळ शहरांच्या नावाच्या शेवटी ‘चेस्टर’ येतं, त्याचा अर्थ कॅम्प.

मागच्या बाकावरून आरोळी आली. “मँचेस्टर!”

“मिस, मँचेस्टर कॅम्प आहे?”

“होता.”

दोन वेण्या बाकावरून अर्ध्या उठल्या. “मिस, मग आपलं उल्हासनगर पण तसंच ना? आधी मिलिटरी होती, मग ती गेली, मग सिंधहून नानी लोक आले. पण अजून सगळे कॅम्पच म्हणतात.”

“अगदी तसंच.”

“म्हणजे माझी नानी मँचेस्टर नंबर तीनला राहते!”

वर्गात जो कल्ला झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला असणार. मी त्यांना गप्प केलं नाही. ‘आणि मी पाच नंबरला राहते’ हे वाक्य माझ्या तोंडात अख्खं तयार होतं. तेवढ्यात घंटा वाजली. पण घंटा वाजली नसती तर मी ते बोलले असते, असं काही मी म्हणणार नाही.

हे कॅम्प नकाशावर दाखवताना एक अडचण लक्षात आली. वीतभर कागदावर साम्राज्य मावत नव्हतं. मुलं नाक कागदाला लावून बसत आणि तरी ग्रीस त्यांच्या बोटाखाली झाकलं जाई. मला असा नकाशा हवा होता की ज्याच्याभोवती अख्खा वर्ग बसेल आणि ज्याचे प्रांत हातात धरता येतील. हे मी घरी सहज बोलले.

माझे पप्पा आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. त्यांनी माझा अ‍ॅटलास घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि गिऱ्हाइकानं आणलेल्या सॅम्पलकडे बघावं तसं भूमध्य समुद्राकडे बघितलं.

“केवढा पाहिजे?”

“भिंतीएवढा.”

“मग फर्मा बनवावा लागेल.”

फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्याचा नमुना. तो कापडाच्या थरांवर ठेवतात आणि त्याच्या कडेनं खडू फिरवून कापतात. जीन्सच्या प्रत्येक भागाचा वेगळा फर्मा असतो. कारखान्याच्या भिंतीवर खुंट्यांना असे शेकडो फर्मे लटकलेले असतात. आता त्यांत स्पेन, गॉल, इजिप्त यांची भर पडणार होती.

रविवारी कारखाना बंद असतो. शेठनी टेबल वापरायला दिलं. मी अ‍ॅटलासच्या पानावर चौकटी आखल्या, पप्पांनी तशाच मोठ्या चौकटी पुठ्ठ्यावर आखल्या. एका मापाच्या पँटवरून पुढची मापं काढायची त्यांना सवयच होती. साम्राज्य त्यांच्या दृष्टीनं फार मोठ्या कमरेचं गिऱ्हाईक होतं. इटलीपाशी आल्यावर ते थांबले.

“हिला सगळे बूट म्हणतात, पप्पा.”

“बूट नाही हा.” त्यांनी टेप लावली. “बूटकट आहे. हे बघ, गुडघ्याला आत घेतलंय आणि खाली मोकळं सोडलंय. ही फॅशन परत आलीय.”

शेठ सहज डोकावले. टेबलावर पसरलेल्या इटलीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

“मास्टर, ये किस पार्टी का माल है?”

“रोम का ऑर्डर है, साईं.”

“एक ही टांग? दूसरी किधर है?”

“समुंदर में.”

शेठनी मान डोलावली, जणू रोमकडून असलंच काही यायचं. जाताना कोपऱ्यातल्या कतरनच्या, म्हणजे कापून उरलेल्या तुकड्यांच्या, गोण्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “समुंदर इधर से ले ले, बेटा.”

त्या गोण्यांतून आम्ही समुद्र काढला. न धुतलेली काळपट डेनिम खोल पाण्यासाठी, फिकट केलेली किनाऱ्यासाठी. जमिनीला खाकी कापड. पप्पांनी कटिंगचं मशीन लावलं आणि घरघराटात देश सुटे होऊ लागले.

मध्येच माझा फोन वाजला. विज्ञानाच्या मिस होत्या. शाळेत एका शनिवारी प्रदर्शन होतं, पालक येणार होते. कोणाला कुठली भिंत, ते त्यांना ठरवायचं होतं.

“अगं, केवढा आवाज! आहेस कुठे?”

मी काही बोलायच्या आत पप्पांनी मशीन बंद केलं होतं. मला ऐकू यावं म्हणून. कारखाना एकदम शांत झाला.

“घरीच,” मी म्हणाले. “अंबरनाथला.”

भिंतीचं ठरलं. मी फोन ठेवला. पप्पा खडूला धार करत होते. खडूची पूड त्यांनी फुंकून टाकली, टेबल हातानं साफ केलं.

“स्पेन दे इकडे,” ते म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला पप्पांची लाज कधीच वाटली नाही. माझ्या वह्यांची कव्हरं, गॅदरिंगचे पोशाख, सगळं त्यांच्या हातचं असायचं आणि मी ते मिरवायचे. मला भीती होती ती त्या हसण्याची. पृथ्वीगोलावर हसलेलं चालतं. मला आमच्या घराकडे बघून कुणी तसं हसायला नको होतं, आणि त्यासाठी मी घरच लपवून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही कापलेले तुकडे समुद्रावर मांडायला घेतले. आणि साम्राज्य बसेना.

सिसिली इटलीच्या चवड्यात घुसली. आफ्रिका वर सरकून सिसिलीला टेकली. ग्रीस शेजाऱ्याच्या मांडीवर चढून बसला. भूमध्य समुद्र इतका आटला की रोमन लोकांना जहाजांची गरजच पडली नसती, चालतच इजिप्तला गेले असते. मी चौकटी पुन्हा मोजल्या. बरोबर होत्या. फर्मे तपासले. तेही बरोबर होते. मग एका तुकड्याच्या कडेकडे लक्ष गेलं. माझ्या रेषेच्या बाहेर, सगळीकडून सारख्या अंतरावर, खडूची दुसरी रेघ होती. कापलं होतं ते त्या रेघेवर.

“पप्पा, हे काय?”

“माया.”

मला वाटलं, ते लाडानं काहीतरी बोलतायत. “अहो पप्पा, ही दुसरी रेघ कसली?”

“तेच सांगतोय. माया सोडलीय. अर्धा इंच.” त्यांनी कापडाची कड चिमटीत धरून आत दुमडून दाखवली. “शिवताना आत जायला कापड नको? ती माया.”

इंग्रजी माध्यमात शिकून माझे असे बरेच शब्द राहून गेले आहेत. घरात हा शब्द रोज फिरत असणार, मी त्याचा एकच अर्थ ऐकत आले होते. पप्पांनी अख्ख्या रोमन साम्राज्याला चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडली होती. इतक्या वर्षांचा हात. तो रेषेवर कापूच शकला नसता.

“पण आपण शिवणार नाही आहोत,” मी म्हणाले. “चिकटवणार आहोत. मी गोंद आणलाय.”

पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गोंदाची बाटली पिशवीत परत ठेवली.

“चिकटवलेलं टिकतं होय?”

तर मग शिवलं. प्रत्येक प्रांताची माया आत दुमडली, आणि प्रांत आपापल्या खऱ्या मापाचे झाले. सिसिली चवड्यातून सुटली. समुद्र पुन्हा समुद्राएवढा झाला. प्रांतांच्या पाठीला आणि समुद्राला पप्पांनी टिच बटणं लावली, म्हणजे मुलांना ते काढता-लावता येतील. रोमन रस्ते आम्ही जीन्सच्या नारिंगी दोऱ्यानं घातले, दुहेरी शिलाईचे. रोमच्या जागी कमरेचं पितळी बटण आलं. सैन्याचे कॅम्प म्हणून खिशाच्या कोपऱ्यावर ठोकतात ते तांब्याचे रिव्हेट.

आईनं सुटे धागे कापायला घेतले. तिचं ते रोजचं काम, कारखान्याचे गठ्ठे ती घरी आणते. सगळे धागे कापून झाल्यावर तिनं नकाशावरून हात फिरवला.

“आपण कुठे आहोत ह्यात?”

“आपण नाही ह्यात. नकाशा त्याच्या आधीच संपतो.”

“एवढं शिवलं आणि आपण नाही?”

मग मी त्यांना सांगितलं की त्या काळी इजिप्तच्या बाजूनं जहाजं वाऱ्याच्या तालावर आपल्या किनाऱ्याला यायची, मिरी आणि कापड न्यायची, आणि त्या खलाशांच्या एका जुन्या वहीत कल्याण बंदराचं नाव आहे.

“कल्याण?” आई म्हणाली. “आपलं कल्याण?”

कतरनमधून पप्पांनी एक लांब पट्टी निवडली, नकाशाच्या उजव्या अंगाला खाली जोडली आणि तिच्या टोकाला एक रिव्हेट ठोकला. मापाच्या दृष्टीनं ते साफ चूक होतं. मी खडूनं बारीक अक्षरांत लिहिलं: हे अंतर मापात नाही. आणि पट्टी राहू दिली.

नकाशा घडी घालून पिशवीत भरताना पप्पा म्हणाले, “शाळेत लावशील तेव्हा सांग. येऊन बघेन. भिंतीवर कसा पडतो ते बघितल्याशिवाय कळत नाही.”

प्रदर्शन पुढच्याच शनिवारी होतं.

“पालकांची खूप गर्दी असते, पप्पा,” मी म्हणाले.

“बरं.”

फार चटकन म्हणाले ते. पिशवीत त्यांनी चार जादा टिच बटणं कागदात बांधून ठेवली.

प्रदर्शनाच्या आधी चार दिवस नकाशा आमच्या वर्गाकडे होता. ते चार दिवस मी कधी विसरणार नाही. बाक भिंतीला लावून मुलं मोजे घालून समुद्राच्या काठाकाठानं बसायची. सुरुवातीला समुद्रावर एकटी इटली. मग मी एकेक प्रांत पुकारायची. ज्याच्या हातात तो असेल त्यानं धावत येऊन लावायचा. टक्. सिसिली आली. टक्, टक्. स्पेन. सगळ्यांना त्या आवाजाची चटक लागली.

“मिस, ब्रिटन लागत नाहीये!”

“तिकडे थंडी असते. जोरात दाब.”

इजिप्तमधून धान्य यायचं म्हणून एकानं डब्यातल्या पोळीचा तुकडा कागदी बोटीत ठेवून रोमला पाठवला. रोमनं तो खाल्ला. दोन वेण्यांनी कॅम्पांना नंबर दिले होते. डॅन्यूब नदीवरचा कॅम्प तीन तिनं स्वतःकडे ठेवला होता. चौथ्या दिवशी मुलं नकाशाकडे न बघता, डोळे मिटून, नुसतं कडेवर बोट फिरवून सांगायला लागली की हातात कुठला प्रांत आहे. त्या दिवशी मी वर्गात किती मोठ्यानं हसत होते, ते मला मुलांनीच सांगितलं.

शनिवारी नकाशा हॉलच्या भिंतीवर चढला. छान पडला होता. समुद्राला एकही सुरकुती नव्हती. पालक यायचे, आपल्या मुलाला ओळखीचा प्रांत लावायला लावायचे, फोटो काढायचे. मुख्याध्यापिका दोनदा येऊन गेल्या. विज्ञानाच्या मिसनी कड उलटून आतली शिलाई बघितली.

“काय सुंदर काम आहे गं! कुठून मागवलास? बाहेरचा दिसतो.”

“ओळखीच्यांकडून,” मी म्हणाले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

अकराच्या सुमाराला एका पालकांनी मागे काय आहे ते बघायला इजिप्त जरा जोरानं ओढला. चार दिवसांच्या ओढाताणीनं तिथलं कापड आधीच सैल झालं असावं. वरचं बटण कापडासकट निघून आलं आणि इजिप्त एका बटणावर उलटा लोंबकळायला लागला.

“मिस! इजिप्त पडलं!”

मी टाचणी लावून पाहिली. डेनिममध्ये टाचणी वाकली. जादा बटणं माझ्याकडे होती, पण ती ठोकायची पकड नव्हती, आणि असती तरी मला ते जमलं नसतं. बारा वाजता पुढच्या वर्गांचे पालक येणार होते. माझ्याभोवती सहावीचा अर्धा वर्ग गोळा झाला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. नकाशाकडे नाही, माझ्याकडे. मी बाहेर जाऊन फोन लावला.

“पप्पा, इजिप्तचं बटण निघालं.”

“वरचं की खालचं?”

“वरचं. कापडासकट.”

पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला.

“येऊ?” त्यांनी विचारलं.

“या,” मी म्हणाले. “पप्पा, या तुम्ही.”

पाऊण तासात ते आले, शेठच्या स्कूटरवरून. हातात हत्यारांची पिशवी. अंगावर तो फिकट निळा शर्ट होता जो ते फक्त लग्नांना घालतात. कामाच्या दिवशी, कटिंगच्या टेबलाशी, सकाळपासून तो शर्ट घालून ते उभे होते.

हॉलमध्ये शिरल्यावर ते आधी थोडे मागे सरकले आणि त्यांनी नकाशा वरपासून खालपर्यंत बघितला. मग गुडघ्यावर बसले. फाटलेल्या जागेला आतून ठिगळ लावलं, बटण बसवलं, पकड लावली. मुलांनी गराडा घातला.

“काका, मी दाबू?”

“ये. जोर नाही लावायचा, वजन टाकायचं. हां, शाबास.”

टक्.

“काका, मी पण! मी पण!”

“रांग लावा,” पप्पा म्हणाले. “चारच बटणं आहेत.” खरं तर एकाच बटणाची गरज होती. इजिप्त त्या दिवशी चार बटणांनी पक्का झाला.

“काका, हे सगळं रोम तुम्ही बनवलं?” दोन वेण्यांनी विचारलं.

“छे. बनवलं तुमच्या मिसनी. मी नुसतं कापलं.”

तेवढ्यात विज्ञानाच्या मिस त्यांच्यासाठी चहाचा कप घेऊन आल्या. मुख्याध्यापिकाही मागे उभ्या होत्या, आणि बाराचे पालक आत यायला लागले होते.

“काका, हाताला काय सफाई आहे हो तुमच्या!” मिस मनापासून म्हणाल्या. “कुठले तुम्ही?”

पप्पांनी इजिप्तवरून नजर उचलली नाही. “अंबरनाथ,” ते म्हणाले.

अगदी सहज म्हणाले, जन्मभर तिथेच राहत असल्यासारखे. त्या रविवारी बंद मशीनपाशी ऐकलेला तो एक शब्द त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवला होता, आणि हव्या त्या वेळी काढून दिला होता.

“ईस्ट की वेस्ट?” दोन वेण्यांनी लगेच विचारलं. तिच्या दृष्टीनं पत्ता अर्धाच झाला होता.

पप्पा गोंधळले. ते मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पकड हातात तशीच धरून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग मिसनी माझ्याकडे बघितलं, मग मुख्याध्यापिकांनी, मग मुलांनी.

“कॅम्प नंबर पाच,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की दारातले पालकही थांबले. “उल्हासनगर. हे माझे पप्पा. मी तिथलीच, आणि हा नकाशापण उल्हासनगरचा माल आहे, मिस. ओढून बघा.”